होनोलुलू सिव्हिल बीट

'होनोलुलू सिव्हिल बीट' हे अमेरिकेच्या हवाई राज्यातील सार्वजनिक कारभाराचे वार्तांकन करणारे, ना-नफा तत्त्वावर चालणारे वृत्तसंकेतस्थळ आहे. ईबे या कंपनीचे संस्थापक पिएर ओमिडियार यांनी रँडी चिंग यांच्यासह २०१० साली ते सुरू केले. बातमीदाराला नेमून दिलेल्या क्षेत्राला मराठी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतही 'बीट' असेच म्हणतात. या संकेतस्थळाच्या नावातून नागरी कारभार हे आपले क्षेत्र असल्याचे सूचित होते.

पार्श्वभूमी

हवाई बेटे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून जवळपास ४,००० किलोमीटर दूर, पॅसिफिक महासागरात आहेत. २०२० च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सुमारे १४.५५ लाख होती. मुख्य भूमीवरील मोठ्या वृत्तपत्रांचे लक्ष ज्वालामुखीचा उद्रेक, पर्यटन वा नाविक तळ यांपलीकडे क्वचितच जाते. त्यामुळे विधिमंडळ, चार काउंटींचे प्रशासन आणि पोलीस यांच्यावर लक्ष ठेवण्याचे काम स्थानिक पत्रकारांवरच पडते. छोट्या बेटसमाजात हे काम अवघड असते, कारण ज्याच्याविरुद्ध लिहायचे तो अनेकदा शाळासोबती वा शेजारी असतो.

जून २०१० मध्ये 'होनोलुलू ॲडव्हर्टायझर' आणि 'स्टार-बुलेटिन' ही जुनी प्रतिस्पर्धी दैनिके एकत्र होऊन 'स्टार-ॲडव्हर्टायझर' निघाले आणि राजधानीत एकच मोठे दैनिक उरले. सिव्हिल बीट त्याच्या महिनाभर आधी सुरू झाले होते. डेन्व्हरच्या बंद पडलेल्या 'रॉकी माउंटन न्यूज'चे संपादक जॉन टेम्पल हे त्याचे पहिले संपादक होते.

आरंभी वाचकांना दरमहा १९.९९ डॉलर वर्गणी भरावी लागे. सार्वजनिक हिताची म्हणवली जाणारी बातमी वर्गणीच्या कुंपणाआड ठेवण्यातली विसंगती उघडच होती. २०१६ मध्ये संस्थेने ना-नफा स्वरूप स्वीकारले व सर्व मजकूर विनामूल्य केला. अमेरिकी करकायद्यानुसार अशा करमुक्त संस्थेला निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही.

पोलिसांच्या शिस्तभंग-नोंदींचा वाद

सिव्हिल बीटच्या कामातील सर्वांत प्रदीर्घ प्रकरण पोलिसांवरील शिस्तभंगाच्या कारवाईसंबंधीचे आहे. भारतातील माहितीच्या अधिकाराशी तुलना करता येईल असा कायदा हवाईत १९८८ मध्ये झाला. त्यानुसार निलंबित सरकारी कर्मचाऱ्याचे नाव व त्याच्या गैरवर्तनाचा तपशील जनतेला मिळू शकत असे. मात्र विद्यापीठातील पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी पोलिसांच्या नोंदी मागितल्यावर पोलीस संघटनेने विरोध केला आणि १९९५ मध्ये विधिमंडळाने काउंटी पोलिसांना या तरतुदीतून सूट दिली. अन्य कर्मचारी उघडे आणि शस्त्रधारी पोलीस झाकलेले, अशी ही उलटी व्यवस्था होती. पोलीस सेवेतून काढला गेला तरच त्याचे नाव उघड होई. एरवी पोलीस खाते विधिमंडळाला वर्षातून एकदा निनावी सारांश देत असे.

२०१३ मध्ये सिव्हिल बीटने या त्रोटक सारांशांच्या आधारे वृत्तमालिका प्रसिद्ध केली आणि दीर्घकाळ निलंबित झालेल्या बारा पोलिसांच्या नोंदी मागितल्या. होनोलुलू शहराने नकार दिला तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. २०१४ मध्ये खालच्या न्यायालयाने सिव्हिल बीटच्या बाजूने निकाल दिला. २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पोलिसांच्या खासगीपणाला वजन आहे, पण प्रत्येक प्रकरणात ते जनहिताशी ताडून पाहिले पाहिजे, असे सांगून न्यायालयाने प्रकरण परत पाठवले. या लढ्यात ओमिडियार यांच्याच मदतीने २०१३ मध्ये उभ्या राहिलेल्या 'सिव्हिल बीट लॉ सेंटर' या स्वतंत्र कायदेविषयक संस्थेचा मोठा वाटा होता. ही संस्था इतर पत्रकारांना व सामान्य नागरिकांनाही साहाय्य करते.

याच काळात होनोलुलूचे पोलीसप्रमुख लुई केआलोहा आणि त्यांच्या पत्नी, उपअभियोक्ता कॅथरीन केआलोहा यांचे प्रकरण बाहेर आले. घरापुढील टपालपेटी चोरल्याच्या खोट्या आरोपात नातेवाइकाला गोवण्याचा कट केल्याबद्दल केंद्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दोघांना दोषी ठरवले. त्याआधी, २०१७ मध्ये, पोलीस आयोगाने केआलोहा यांना निवृत्तीसाठी अडीच लाख डॉलर देऊ केले होते. १९९५ ची सूट अखेर २०२० मध्ये रद्द झाली. त्या वर्षी जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर देशभर निदर्शने झाली होती, त्यामुळे बदलाचे सारे श्रेय वार्तांकनाला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र विधिमंडळापुढे मांडण्याजोगी माहिती सात वर्षांत साठली होती, हेही खरे.

लहायना येथील आग

८ ऑगस्ट २०२३ रोजी माउई बेटावरील लहायना हे हवाई राज्यसत्तेच्या जुन्या राजधानीचे गाव आगीत भस्मसात झाले. १०२ जणांचा मृत्यू झाला. धोक्याचे भोंगे वाजवले गेले नव्हते. या आपत्तीच्या वार्तांकनासाठी सिव्हिल बीट २०२४ च्या पुलित्झर पुरस्काराच्या तातडीच्या बातम्यांच्या गटात अंतिम फेरीत पोहोचले. पुरस्कार 'लुकआउट सांताक्रूझ' या कॅलिफोर्नियातील स्थानिक संकेतस्थळाला मिळाला.

निधी व स्वायत्तता

वाचकांच्या देणग्या व विविध न्यासांची अनुदाने मिळत असली, तरी संस्थेच्या उभारणीमागे मुख्यतः एका अब्जाधीशाचा पैसा आहे. जाहिरातदाराच्या दबावातून सुटलेली पत्रकारिता देणगीदाराच्या मर्जीवर येते का, हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक नाही. ओमिडियार होनोलुलूतच राहतात, आणि त्यांनी २००९ मध्ये स्थापन केलेली 'उलुपोनो इनिशिएटिव्ह' ही संस्था स्थानिक अन्नोत्पादन व अपारंपरिक ऊर्जा यांत गुंतवणूक करते. या दोन्ही विषयांवर सिव्हिल बीट नियमित लिहिते. शेती व अन्नविषयक वृत्तांखाली उलुपोनोच्या निधीचा उल्लेख छापण्याची प्रथा आहे. त्यावरून संबंध कळतो, पण कोणता विषय हाती घेतला गेला नाही हे वाचकाला त्यातून कळू शकत नाही.