जिभेची साक्ष

पावसाळा सरल्यानंतरच्या एखाद्या कोरड्या सकाळी सातपाटीच्या किनाऱ्यावर गेले असता, बांबूंच्या वलांड्यांवर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यांत जबडे अडकवून, बहुधा मीठही न लावता, वाऱ्यावर टांगलेले दिसतात. आणि त्याच दिवशी बोईसर स्थानकाबाहेरच्या टपरीपाशी उभे राहिले, तर तेथे पाच-पाच रुपयांच्या चुरचुरीत खाऊच्या पाकिटांच्या माळा तशाच टांगलेल्या आढळतात. या दोन माळांचे नाते वाटते त्याहून जवळचे आहे. पहिलीत जो स्वाद आपसूक सिद्ध होतो, तोच दुसरीत भुकटीच्या रूपाने घातलेला असतो, आणि पाकिटाच्या पाठीवर ‘स्वादवर्धक ६२७, ६३१’ अशा आकड्यांत त्याची नोंद असते.

सजीव स्नायूंत शक्तीचा वाहक म्हणून वावरणारे एटीपी हे द्रव्य मासा मेल्यावर पायरीपायरीने मोडत जाऊन त्याचे इनोसिनेट होते, आणि पुढे तेही मोडले की हायपोझँथिन हे कडवट द्रव्य मागे राहते. म्हणून बोंबील किनाऱ्याला लागला त्याच दिवशी तो वलांडीवर चढवण्याची आमच्या कोळी-मांगेला स्त्रियांची जी धांदल असते, तिला रसायनशास्त्राचा पुरता आधार आहे. हे इनोसिनेट म्हणजेच पाकिटावरचा ६३१ हा आकडा; ६२७ हे त्याच्याच जातीचे दुसरे द्रव्य. जपानात १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी समुद्रशैवालाच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळे काढून त्याच्या रुचीला ‘उमामी’ हे नाव दिले, १९१३ साली त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी सुकवलेल्या माशात इनोसिनेट ओळखले, आणि पुढे १९५० नंतरच्या दशकात अकिरा कुनिनाका यांनी ही दोन द्रव्ये एकत्र आली असता रुची बेरजेने नव्हे, तर अनेक पटींनी वाढते हे दाखवून दिले. पिकलेल्या टोमॅटोत मुक्त ग्लुटामेट भरपूर असते. तव्यावर भाजलेला सुका बोंबील टोमॅटो घालून वांग्याबरोबर शिजत ठेवला, की झाकणाखालून वास सुटतो आणि पहिल्या घासाला तोंडात जी तृप्ती पसरते, तिचे इंगित हेच आहे. जिभेवरील ज्या ग्राहक प्रथिनाचा उलगडा २००२ च्या सुमारास झाला, त्याच्या खाचेत ग्लुटामेट शिरले म्हणजे ती खाच जबड्यासारखी मिटते, आणि शेजारी बसलेले इनोसिनेट तो मिटलेला जबडा आवळून धरते. त्यामुळे मेंदूकडे जाणारी वर्दी अधिक जोरकस आणि अधिक दीर्घ होते.

कारखान्यातील मार्गही काही अघोरी नव्हे. उसाच्या मळीवर किंवा साबुकंदाच्या पिठुळावर एक विशिष्ट जिवाणू पोसला, की तो ग्लुटामिक आम्ल बाहेर टाकतो. १९५६ साली हा जिवाणू हाती लागल्यापासून त्याच पद्धतीने जगभर ते तयार होते, आणि सोडियमची जोड मिळाली की त्याचे पाण्यात सहज विरघळणारे स्फटिक बनतात; हेच एमएसजी, म्हणजे पाकिटावरचा ६२१ हा आकडा. बोंबलातले ग्लुटामेट आणि या पिशवीतले ग्लुटामेट यांत शरीर काडीचाही भेद करीत नाही.

तरीही बोईसर-तारापूरच्या माणसाला ‘केमिकल’ हा शब्द ऐकताच धास्ती वाटावी, यात मला नवल वाटत नाही. ज्या किनाऱ्याला औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेच्या द्वारे राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली, त्या किनाऱ्याने रसायनाच्या नावाने कान टवकारले नाहीत तरच आश्चर्य. ती भीती खाडीच्या पाण्याविषयी रास्त आहे; स्वादवर्धकाच्या चिमटीविषयी मात्र ती अस्थानी आहे. १९६८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका पत्राने चिनी जेवणानंतरच्या अस्वस्थतेचा जो संशय एमएसजीवर उभा केला, तो पुढच्या काटेकोर चाचण्यांत, नेहमीच्या आहारातील प्रमाणापुरता तरी, टिकला नाही. उलट एमएसजीत सोडियमचे प्रमाण सुमारे १२ टक्के, तर साध्या मिठात ३९ टक्के असते.

माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मला विषबाधेच्या भयापेक्षा गंभीर वाटते. उमामी ही रुची जिभेला बहुधा एवढ्याचसाठी लाभली असावी की, पुढ्यातल्या घासात प्रथिन आहे, अशी साक्ष तिने द्यावी. बोंबलाच्या बाबतीत ती साक्ष खरी ठरते, कारण सुक्या बोंबलाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग प्रथिनाचा असतो. परंतु मक्याच्या फुगवलेल्या पिठावर हीच भुकटी शिंपडली, की जीभ तीच साक्ष देते आणि पोटात मात्र पिष्ट, तेल व मीठ यांखेरीज फारसे काही पडत नाही. सातपाटी-बोईसर ज्या जिल्ह्यात येतात आणि ज्याच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी १९९२-९३ साली सारा महाराष्ट्र हादरला, त्याच जिल्ह्याच्या पाड्यापाड्यांवर आज शाळेबाहेर ही पाकिटे लोंबतात, आणि आईने मजुरीतून दिलेले पाच रुपये मूल तेथे देऊन मोकळे होते. त्या मुलाच्या जिभेकडून अशी खोटी साक्ष वदवून घेणे हा मला अन्याय वाटतो.

यावर बंदीचे फर्मान हा उपाय नव्हे. २०१५ च्या जून महिन्यात मॅगीवर बंदी आली, शिशाच्या प्रमाणाबरोबरच पाकिटावरील ‘एमएसजी घातलेले नाही’ हा दावाही त्या हुकुमात आक्षेपार्ह ठरला, आणि १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. या सगळ्या गदारोळात त्या दाव्याचा मूळ प्रश्न मागेच पडला. सोयाच्या पेंडीतले प्रथिन हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून सोड्याने शमवले, अथवा यीस्टचा अर्क काढला, तरी पदरात ग्लुटामेटच पडते. असा अर्क घालावयाचा आणि वर ‘घातलेले नाही’ असे मिरवावयाचे, ही मखलाशी आहे. तिला मुभा असू नये. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एवढी तजवीज करावी की, ६२१, ६२७, ६३१ या आकड्यांच्या जागी त्या द्रव्यांची नावे आणि त्यांच्या शेजारी पाकिटात प्रथिन किती ग्रॅम आहे हा तपशील, पाकिटाच्या दर्शनी बाजूस, किंमत ज्या आकारात छापतात त्याच आकाराच्या देवनागरी अक्षरांत छापला जाईल.