ओलं की सुकं?

'ओलं की सुकं?' हा प्रश्न आजवर मला फक्त बोंबलांच्या बाबतीत पडायचा. आणि तिथे उत्तर सोपं असतं, दोन्ही! पण आमच्या वन-बीएचकेमध्ये लाडू आला आणि हाच प्रश्न पेट शॉपच्या काउंटरवर उभा राहिला. लाडू म्हणजे दोन महिन्यांचं पांढरंशुभ्र स्पिट्झ पिल्लू. (सोसायटीत सगळे त्याला 'पॉमेरेनियन' म्हणतात. म्हणू देत!) वजन दीड किलो. माझा ऑफिसचा लॅपटॉप त्याच्यापेक्षा जड आहे.

आता कुत्रा पाळला की सल्ले फुकट मिळतात. ऑफिसातला एक ग्रुप म्हणतो, 'वेट फूडच दे, रोज कोरडे दाणे खाऊन कंटाळेल ना बिचारा.' दुसरा म्हणतो, 'ड्रायच दे, नाहीतर दात गेले समज.' आणि साताऱ्याहून आईचा फोन, 'अगं, दूध-पोळी कुस्करून घाल. आपला मोत्या त्यावरच वाढला!' आता आईला कोण सांगणार, की मोत्या दूध-पोळी घरी खायचा आणि बाकीचं जेवण अख्ख्या आळीत! शिवाय आईपासून तुटलेल्या बऱ्याच पिल्लांना गाईम्हशीचं दूध पचत नाही, पोट बिघडतं. दीड किलोच्या जिवाला जुलाब म्हणजे थट्टा नाही.

आमच्या डॉक्टरांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला, 'तुम्ही दिवसभर ऑफिसात. मग दुपारी त्याला खायला कोण घालणार?'

खरा मुद्दा हाच आहे, मंडळी. इतक्या लहान पिल्लाच्या शरीरात साखरेचा साठा अगदी तुटपुंजा असतो. जेवण चुकलं, की रक्तातली साखर धाडकन उतरू शकते. पिल्लू मलूल होतं, लडखडतं, थरथरतं, वेळप्रसंगी फिट येते. म्हणून तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाणं हवंच. अशी लक्षणं दिसली तर गूगल नाही, थेट दवाखाना!

आता थोडं गणित. (घाबरू नका, एक्सेल उघडायची गरज नाही.) ड्राय फूडमध्ये पाणी साधारण 10 टक्के, वेटमध्ये 75 ते 80 टक्के. त्यामुळे पाकिटावरचे आकडे सरळ ताडून पाहायचे नसतात. वेटवर प्रोटीन 8 टक्के आणि ड्रायवर 28 टक्के लिहिलेलं असतं. पण 80 टक्के पाणी वजा केलं, तर वेटमधल्या उरलेल्या ऐवजात प्रोटीन 40 टक्के निघतं आणि ड्रायमध्ये 31. म्हणजे वेट काही 'नुसतं पाणी' नाही!

पण पोट भरायचं तर? लाडूला दिवसाला तीनशेच्या आसपास कॅलरी लागतात. ड्राय फूडचे 80 ग्रॅम दाणे त्याला पुरतात. वेटवरच ठेवायचं तर 80 ग्रॅमची चारेक पाकिटं, म्हणजे महिन्याला 120! ईएमआय भरणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

शिवाय वेट फूड आपल्या उन्हाळ्यात तास-दीड तासापलीकडे बाहेर टिकत नाही. सकाळी वाडग्यात ठेवून आठ अट्ठेचाळीसची कंपनी बस पकडणं विसरा. भिजवलेल्या दाण्यांचंही तेच. कोरडे दाणे मात्र दुपारपर्यंत ठीक राहतात. उघडलेलं पाकीट फ्रिजमध्ये, तेही दोन दिवसच. आणि हो, साध्या ड्राय फूडने दात चकाचक होतात हा फंडाही फारसा खरा नाही. त्यासाठी ब्रशच लागतो.

मग आम्ही काय केलं? सकाळी निघण्याआधी कोमट पाण्यात भिजवलेले बारीक दाणे. दुपारी समोरच्या काकू येऊन कोरडे दाणे घालतात आणि पाणी बदलतात. ('मी काय, तशीही सिरियल संपल्यावर मोकळीच असते गं!') संध्याकाळी पुन्हा दाणे. रात्री दाण्यांत दोन चमचे वेट, आणि तेवढे दाणे कमी. पाणी चोवीस तास.

तुम्हीही पाकीट घेताना दोनच गोष्टी बघा. ते पिल्लांसाठीचं आहे ना आणि 'पूर्ण आहार' आहे ना. बरीच ग्रेव्हीची पाकिटं नुसती तोंडीलावणी असतात, त्यावर पिल्लू वाढत नाही. ब्रँड बदलायचा तर आठवडाभर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत जा. आपल्या ताटातला कांदा-लसूण, मनुका, चॉकलेट एकदम बंद.

आणि दर रविवारी त्याला किचनच्या वजनकाट्यावर बसवा. आकडा आठवड्यागणिक वर सरकतोय, शी नीट होतेय आणि पिल्लू घरभर धुडगूस घालतंय, तर तुमचं सिलेक्शन बरोबर आहे. मग ऑफिसातला कुठलाही ग्रुप काहीही म्हणो!