शाल, श्रीफळ आणि शेवटची एसटी

परवा कपाट आवरायला काढलं, तर खालच्या खणात सात शाली निघाल्या. सगळ्या सत्काराच्या. दोन सासूबाईंच्या, तीन ह्यांच्या, दोन माझ्या. एकीचीही घडी मोडलेली नव्हती. त्या उन्हात टाकता टाकता मला आठवल्या आमच्या बाई, आणि गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली ती संध्याकाळ.

आमच्या तालुक्याच्या गावात एक सेवाभावी क्लब आहे. नाव सांगत नाही, कारण जे सांगणार आहे ते त्या एकट्या क्लबचं गाऱ्हाणं नाही आणि त्यात माझाही वाटा आहे. हा क्लब दरवर्षी परिसरातल्या कार्यकर्त्यांचा आणि मार्गदर्शकांचा सत्कार करतो. गेल्या वर्षी निवड समितीत मी होते. आम्ही पाच जण निवडले. रात्री-अपरात्री रक्तदाते गोळा करणारे एक रिक्षावाले, तालमीत मुलांबरोबर आता मुलींनाही कुस्ती शिकवणारे वस्ताद, एक आशाताई, बेवारस मृतांचे अंत्यसंस्कार करणारा एक तरुण आणि बाई.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. वय सत्तरीच्या आत-बाहेर. गावापासून नऊ किलोमीटरवर राहतात. शाळा अर्धवट सुटलेल्या, लग्न होऊन सासरी आलेल्या मुलींना त्या घराच्या पडवीत शिकवतात आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवतात. ऐकायला सोपं वाटतं. पण फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि तो असतो माहेरच्या शाळेत. मुलगी सासरी, दाखला माहेरी. घरातून तिला पाठवत नाहीत. मग बाईच एसटीनं जातात, मुख्याध्यापकांना भेटतात आणि दाखला घेऊन येतात. २०२३ च्या मार्चमध्ये बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. त्या योजनेचं नाव ‘महिला सन्मान योजना’. बाई हसून म्हणतात, "बघ, माझा खरा सन्मान एसटीनंच केला."

तर कार्यक्रमाच्या पत्रिकेवर वेळ होती साडेपाचची. बाई पाचलाच येऊन बसल्या. प्रमुख पाहुणे आले सात वाजून दहा मिनिटांनी. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांच्या सौभाग्यवतींचा सत्कार, देणगीदारांचा सत्कार, मंडपवाल्यांचा सत्कार. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट, ते पाच जण पहिल्या रांगेत आपले हात मांडीवर ठेवून बसलेले. बाईंचं नाव पुकारलं तेव्हा साडेआठ वाजले होते. मी रात्र जागून लिहिलेल्या दोन पानी मानपत्रातल्या चार ओळी निवेदकानं वाचल्या. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. "बाई, इकडे बघा," फोटोग्राफर म्हणाला. बघितलं. झालं. पुढचं नाव.

खाली उतरल्यावर त्या माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, माझी सव्वाआठची शेवटची एसटी गेली."

मी ह्यांना फोन करून गाडी मागवली आणि बाईंना सोडायला गेलो. पडवीत दिवा लागलेला होता. तीन मुली वह्या उघडून बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर बाळ. "बाई, झाला का सत्कार? दाखवा ना!" बाईंनी नवी कोरी शाल उलगडली आणि सरळ त्या बाळाच्या अंगावर घातली. स्मृतिचिन्ह आधीच्या तिघांशेजारी फळीवर ठेवलं. मग चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाल्या, "रागावू नकोस, पण एक सांगू? त्या हॉलमध्ये आज किती शिकलेली माणसं होती! इंजिनीअर, डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आलाय, बीजगणित आता झेपत नाही. फॉर्मची मुदत तोंडावर आलीय आणि दोघींच्या फीची सोय झालेली नाही. मला दोन मिनिटं माइक दिला असता ना, तर मी मागितलं असतं. आठवड्यातून एक संध्याकाळ. कुणीतरी दिली असती गं."

मैत्रिणींनो, खरं सांगते, तो चहा माझ्या घशाखाली उतरेना. माझ्या मानपत्राचा पहिला शब्दच ‘निःस्वार्थ’ होता. पण ते मी लिहिलं होतं फोनवर माहिती विचारून. त्या पडवीत माझं पाऊल त्या रात्री पहिल्यांदा पडलं होतं. तुम्हाला काय हवंय, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर कार्यक्रमाचा हिशोब काढून बघितला. मंडप, फ्लेक्स, हार-तुरे, स्मृतिचिन्हं, जेवण, फोटो. सगळ्याच्या नोंदी होत्या. सत्कारमूर्तींच्या कामासाठी काय दिलं, अशी ओळच त्यात नव्हती.

म्हणून काय सत्कारच करू नयेत? मी असं मुळीच म्हणणार नाही. घराबाहेरचं काम करणाऱ्या बाईला ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजतेय’ हे वाक्य किती वेळा ऐकावं लागतं, ते मी वीस वर्षं अनुभवलंय. त्या संध्याकाळी आशाताईंच्या सासूबाई मुद्दाम पुढच्या रांगेत येऊन बसल्या होत्या. सुनेला शाल मिळाली तेव्हा त्यांनी पदरानं डोळे पुसले. आता रात्री बाळंतिणीबरोबर दवाखान्यात जायचं म्हटलं की त्या स्वतःच दाराची कडी काढून देतात म्हणे. चारचौघांत झालेल्या कौतुकानं घरातलं एक दार उघडतं. हे थोडं नाही.

आणि या क्लबांनी काही केलंच नाही, असंही नाही. रोटरी १९०५ साली शिकागोत सुरू झाली, लायन्स १९१७ मध्ये. रक्तदान, नेत्रशिबिरं, शाळांना बाकं-संगणक, हे आपण आपल्या गावातही बघतो. रोटरीनं १९८५ साली पोलिओ हटवायचं काम अंगावर घेतलं. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपला भाग पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. यात सरकारचा, जागतिक आरोग्य संघटनेचा, रोटरीचा मोठा वाटा आहेच. पण जरा आठवा, रविवारी बूथवर आणि पुढचे दिवस दारोदार कोण फिरत होतं? खांद्याला बर्फाची पेटी लावून, बाळाच्या करंगळीला शाई लावून, दारावर खडूनं खूण करत जाणाऱ्या त्या आपल्याच गल्लीतल्या अंगणवाडी सेविका आणि स्वयंसेविका होत्या. त्यातल्या किती जणींची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

या क्लबांत बायकांना सदस्य म्हणून यायलाही वाट बघावी लागली. लायन्सची दारं १९८७ साली उघडली, रोटरीची १९८९ साली. त्याआधी रोटरी सदस्यांच्या बायकांनी १९२४ मध्ये मँचेस्टरला ‘इनर व्हील’ ही आपली वेगळी संस्था काढली होती. म्हणजे काम आपण आधीपासून करत होतो, खुर्ची उशिरा मिळाली. आता ती मिळाली आहे, तर सत्कार कसा करायचा, हे ठरवण्यात आपला आवाज नको का?

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. आशाताईंना सरकारी कागदांत ‘स्वयंसेविका’ म्हणतात, म्हणून त्यांना पगार नाही, मानधन आणि कामावर आधारित मोबदला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशाताईंचा गौरव केला. साऱ्या देशाला अभिमान वाटला. आणि त्यानंतरच्याच वर्षी, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, महाराष्ट्रातल्या आशाताईंना मोबदल्यासाठी संप करावा लागला. २०२४ च्या जानेवारीत पुन्हा. शाल पांघरून पोट भरत नाही. सत्कार हा मोबदल्याच्या जागी ठेवला, की तो सत्कार राहत नाही, ती बोळवण होते.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. एकदम शांतता. मग एक जण म्हणाले, "वहिनी, तुमचं बरोबर आहे, पण पाहुणे नाहीत, फ्लेक्स नाही, तर देणगीदार पैसे कशाला देतील?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. बरीच वादावादी झाली. शेवटी चार गोष्टी ठरल्या. एक, अर्ज आणि वर्तमानपत्रातली कात्रणं मागवायची नाहीत. नर्सताई, एसटीचे कंडक्टर, रेशन दुकानदार यांना विचारून नावं काढायची. दोन, समितीतल्या निदान दोघांनी त्या माणसाचं काम जागेवर जाऊन बघायचं आणि ‘काय हवंय’ हे विचारायचं. तीन, कार्यक्रमात सत्कारमूर्ती आधी बोलतील, पाहुणे नंतर. शेवटच्या एसटीच्या आधी कार्यक्रम संपेल. चार, मंडप-जेवणाचा खर्च कमी करून उरेल तो पैसा त्यांच्या कामाला द्यायचा, आणि वर्षभर एका सदस्यानं त्या कामाशी जोडून राहायचं. पाहुण्यांच्या शाली मात्र रद्द करता आल्या नाहीत. तेवढ्यावर तडजोड झाली.

बाईंसाठी आम्ही पुढच्या वर्षापर्यंत थांबलो नाही. दोघींची फी क्लबनं भरली. गणित शिकवायला दोन जण तयार झाले. एक साहेब दोन आठवड्यांत गळाले. दुसऱ्या बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू, त्या दर गुरुवारी न चुकता पडवीत हजर. मार्चच्या परीक्षेला तिघी बसल्या. दोघी पास झाल्या. बाळाची आई गणितात अडकली. पण तिनं वही मिटली नाही, जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसली. बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं, क्लबच्याच शिबिरात.

तुमच्याही गावात असे क्लब असतील, महिला मंडळं, गणेश मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ असतील. सत्काराची पत्रिका हातात आली की इतकंच विचारा, या बाई बोलणार आहेत का? त्या घरी कशा जाणार आहेत? आणि उद्या सकाळी त्यांचं काम आजच्यापेक्षा थोडं सोपं होणार आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर टाळ्या मनापासून वाजवा. आणि सत्कार तुमचाच असेल, तर संकोच करू नका. माइक हातात घ्या आणि कामासाठी मागा. स्वतःसाठी मागायला लाज वाटते, कामासाठी वाटू नये.

त्या सात शालींचं काय केलं म्हणाल, तर पाच आशाताईंकडे दिल्या, थंडीत बाळंतिणींच्या उपयोगी पडतील म्हणून. सासूबाईंच्या दोन उचलायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "माझ्या राहू देत गं. साठ वर्षं या घरात राबले, चार माणसांत नाव घेऊन कुणी काही दिलं असेल तर या दोनच."

मी त्या शालींची घडी पुन्हा नीट घातली आणि वरच्या खणात ठेवल्या.