शितावरून हॉकीची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी असं आपल्याकडे म्हणतात. म्हण शहाणी आहे. पण जिनं कोणी ती केली, तिनं आधी भात शिजू दिला होता, एवढी गोष्ट टोरांटोतल्या आइस हॉकीच्या भक्तांना कोणीतरी सांगायला हवी. ही मंडळी आधण ठेवल्याबरोबर झाकण उघडतात, कच्चा तांदूळ दाताखाली धरतात आणि दात दुखला की वाण्याच्या नावानं खडे फोडतात.

हॉकी म्हटलं की ज्यांना ध्यानचंद आठवतात, त्यांच्यासाठी थोडा खुलासा. इथली हॉकी बर्फावर, पायांत पात्यांचे बूट चढवून, चेंडूऐवजी रबराच्या चपट्या चकतीनं खेळतात. कॅनडा आणि अमेरिका मिळून नॅशनल हॉकी लीगचे ३२ संघ. हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, प्रत्येक संघ ऐंशीहून अधिक सामने खेळतो, एप्रिलात त्यांतले १६ संघ बाद फेरीत जातात आणि स्टॅन्ली कपाचा मानकरी ठरेपर्यंत जून उजाडतो. म्हणजे दसरा-दिवाळीला सुरू झालेली गोष्ट वटपौर्णिमेच्या सुमारास संपते. टोरांटोच्या मेपल लीफ्स संघानं हा कप शेवटचा जिंकला तो १९६७ साली. तेव्हापासून हे शहर उपाशी आहे, आणि उपाशी माणसाला भात शिजण्याची वाट पाहवत नाही हे मी समजू शकतो. समजू शकतो, चालवून घेणार नाही.

दिवाळी नेमकी हंगामाच्या तोंडाशी येते. फराळाच्या ताटाभोवती मराठी मंडळी जमतात आणि निकाल जाहीर होऊ लागतात. आमचे मेव्हणे या खात्याचे मुख्य परीक्षक. एका हातात चकली, दुसऱ्या हातात गुणतक्ता.

“भाऊजी, यंदा काही खरं नाही. गोलकीपर नव्हे, गाळणी आहे गाळणी! कोच बदला.”

“किती सामने झाले?”

“आठ.”

आठ! शंभर मार्कांच्या पेपरातले पहिले दहा मार्क तपासून आमचे मेव्हणे मुलाचं नाव शाळेतून काढायला निघाले आहेत. बरं, हा गुणतक्ता तरी काय लायकीचा? जिंकणाऱ्याला २ गुण. आणि जादा वेळात किंवा त्यापुढच्या शूटआउटमध्ये हरणाऱ्यालाही १. हरूनही ग्रेस मार्क! म्हणजे काही सामन्यांत दोन गुण वाटले जातात, काहींत तीन. त्यात एक संघ आठ सामने खेळलेला, दुसरा अकरा. एकाचे बहुतेक घरच्या बर्फावर, दुसरा बॅगा उचलून गावोगाव. दोन्ही संघांचे मिळून सहा-सात गोल होतात अशा खेळात एखादी चकती कोणाच्या तरी बुटाला लागून आत गेली तरी निकाल फिरतो. असल्या तक्त्यावरून भविष्य सांगणाऱ्यापेक्षा पोपटवाला बरा. त्याचा पोपट निदान पिंजऱ्याबाहेर तरी येतो.

इतिहास पाहा. नोव्हेंबर २०१८ मध्ये बफलोच्या सेबर्स संघानं ओळीनं १० सामने जिंकले आणि लीगमध्ये पहिला नंबर गाठला. बफलो आमच्यापासून दोनेक तासांवर. तिथल्या पेढ्यांचा वास इथपर्यंत आला असेल. त्याच हंगामात सेंट लुइसचा ब्लूज संघ ३ जानेवारी २०१९ रोजी सकाळी सबंध लीगमध्ये तळाला होता. वसंत आला तेव्हा बफलो बाद फेरीतही नव्हता, आणि जूनमध्ये स्टॅन्ली कप उचलला तो सेंट लुइसनं. गोलरक्षक कोण? जॉर्डन बिनिंग्टन, हंगामाच्या सुरुवातीला जो गोलरक्षकांच्या रांगेत पार मागे उभा होता आणि ज्याला पहिल्यांदा सामन्याच्या सुरुवातीपासून उभं केलं ते ७ जानेवारीला. ऑक्टोबरातल्या निकालपत्रात त्याचं नाव शोधून सापडलं नसतं.

यावर मेव्हणे म्हणतात, “पण त्यांनी कोच बदलला होता ना?” बदलला होता, नोव्हेंबरातच. नव्या प्रशिक्षकाच्या, क्रेग बेरुबेंच्या हाताखाली सहा आठवडे काढूनही संघ जानेवारीत तळालाच होता. तेव्हा तिथं आमचे मेव्हणे असते, तर त्यांनी बेरुबेंनाही नारळ दिला असता आणि कपाला मुकले असते.

घरचंच उदाहरण हवं? १९९३-९४ च्या हंगामात मेपल लीफ्सनी सुरुवातीचे १० च्या १० सामने जिंकून लीगमध्ये विक्रम केला. कप नाही मिळाला. आणि १९६६-६७ च्या हंगामात, ऐन मध्यावर, याच संघानं ओळीनं १० सामने गमावले. त्या वर्षी मिळाला! हा हिशेब टोरांटोच्या प्रत्येक घरात देव्हाऱ्याशेजारी लावून ठेवावा.

आता विरोधी पक्षाचा हुकमाचा एक्का. अमेरिकेत नोव्हेंबरच्या अखेरीस थँक्सगिव्हिंगचा सण असतो. त्या दिवशी जे संघ बाद फेरीच्या जागांवर असतात, त्यांतले साधारण तीन चतुर्थांश शेवटपर्यंत तिथंच राहतात, असा अनुभव आहे. मान्य! पण तोवर वीसेक सामने झालेले असतात. भाताला निदान एक कढ आलेला असतो. तरीही १६ पैकी चारेक संघ गळतातच. शिवाय बाद फेरीत कोण जाईल हे कळलं, म्हणजे कप कोण नेईल हे कळलं असं नाही. २०२२-२३ मध्ये बॉस्टननं ६५ सामने जिंकून विक्रम केला आणि पहिल्याच फेरीत फ्लोरिडाकडून हार खाल्ली. फ्लोरिडा तर उंबरठ्याला पाय अडकत आत आलेला संघ.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण या निकालांवर माणसांची नोकरी जाते. २०२३ साली एडमंटननं पहिल्या १३ सामन्यांत ३ जिंकले आणि प्रशिक्षक जे वुडक्रॉफ्ट यांना काढून टाकलं. तेही आदल्या दिवशीच सामना जिंकला असताना! पुढं त्याच खेळाडूंनी ओळीनं १६ सामने जिंकले आणि जून २०२४ मध्ये अंतिम फेरीचा सातवा सामना गाठला. श्रेय नव्या प्रशिक्षकांचं असेलही. पण जुन्यांना चौदावा सामना मिळाला असता तर काय झालं असतं, हे कोणत्याच तक्त्यात लिहिलेलं नाही.

आणि हे आम्हा परदेशी आलेल्यांनी तरी विसरू नये. आमचे मेव्हणे इंजिनियरची पदवी घेऊन इथं उतरले तेव्हा जो तो विचारी, “कॅनडातला अनुभव आहे का?” पहिले आठ महिने त्यांनी एका गोदामात खोकी उचलली. त्या हिवाळ्यात कोणी त्यांचा गुणतक्ता मांडला असता तर ते बत्तिसावे आले असते. आज ते पुलांची गणितं तपासतात. त्यांना चौदावा सामना कोणीतरी दिला म्हणून ते आज दुसऱ्याचा आठव्यातच संपवू शकतात.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. नोव्हेंबर संपेपर्यंत गुणतक्ता फडताळात कुलूप लावून ठेवावा आणि बोलायचंच असेल तर जे डोळ्यांनी पाहिलं त्याबद्दल बोलावं: चकती गेल्यावर पुढचे खेळाडू धावत मागे येतात का, समोरचा एक खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसला असताना आपले पाच काय करतात, गोलरक्षक दुसऱ्या फटक्याला उभा असतो का. यात बोलायला भरपूर आहे आणि कोणाची नोकरीही जात नाही.

नापास करण्याची हौस फारच अनावर झाली तर ताटात चकली आहे. तिला खुशाल पहिल्या घासाला नापास करावं. तिच्यापुढं काही अजून सत्तर सामने नसतात.