हात कुठे जोडावेत?

आमच्या सोलापूरच्या मावशी गेल्या वर्षी "मंत्रालयाला जाऊन आले" म्हणाल्या, तेव्हा शेजारचे मास्तर सावरून बसले. "मग, काम झालं का?" त्यांनी अदबीने विचारले. "काम कसलं? दर्शन झालं!" मावशी उत्तरल्या. त्या बोलत होत्या तुंगभद्रेकाठच्या मंत्रालयाविषयी, जिथे १६७१ साली राघवेंद्रस्वामींनी समाधी घेतली. मास्तरांच्या डोळ्यांपुढे होती मुंबईतली ती इमारत, जिला १९७५ पर्यंत 'सचिवालय' म्हणत.

आम्ही पोटभर हसलो. पण वाचकहो, हसे आपलेच झाले होते. कारण कोणत्याही सरकारी दारात आपण उभे राहतो ते मावशी समाधीपुढे उभ्या राहिल्या तसेच: हात जोडून, मान लववून, 'कृपा व्हावी' म्हणत!

ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण 'मंत्री' योजला, त्या 'मिनिस्टर'चे मूळ पाहा. लॅटिनमध्ये मिनिस्टर म्हणजे चाकर, हाताखालचा माणूस. मोठे व्हायचे असेल त्याने सेवक व्हावे, हा येशूचा उपदेश लॅटिन बायबलात याच शब्दाने सांगितला आहे. म्हणून चर्चमधला उपदेशकही मिनिस्टर आणि राजाचा कारभारीही मिनिस्टर. आपल्याकडचे ख्रिस्ती बांधव धर्मकार्याला 'सेवा' म्हणतात, तेव्हा ते मूळ अर्थाला धरून असतात. इंग्लंडात तर 'प्राइम मिनिस्टर' हा आरंभी टोमणाच होता. १७४१ साली वॉलपोलने भर पार्लमेंटात ती पदवी झिडकारली.

बरे, आपला 'मंत्री' तरी देव आहे का? मंत्र म्हणजे जसा देवापुढचा मंत्र, तसाच राजाला द्यायचा सल्ला, मसलत. १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर जुन्या 'वाकनीसा'ला 'मंत्री' हे नाव मिळाले, आणि त्याचे एक काम होते रोजचा वृत्तान्त लिहून ठेवणे. तिकडचा शब्द सेवा सांगतो, इकडचा मसलत आणि टिपण. पूजा घ्यायला दोन्ही शब्द सांगत नाहीत. ती आपणच वाहिली.

पुढाऱ्यांना हे ठाऊक नाही असे नव्हे. १९४७ साली पंडित नेहरूंनी स्वतःला जनतेचा पहिला सेवक म्हटले. २०१४ साली नरेंद्र मोदी लाल किल्ल्यावरून 'प्रधानसेवक' म्हणाले. शब्द उत्तमच आहेत. पण चाकर कसा आहे, हे चाकराने सांगायचे नसते. धन्याने हिशेब मागून ठरवायचे असते. आणि धनी तर हार घेऊन रांगेत उभा!

कोणी म्हणेल, मोठ्यांचा मान राखणे ही आपली रीत आहे. जरूर राखावा. गावच्या कारभाऱ्याला आपण रामराम करतोच, पण रामराम झाल्यावर "पाण्याचं काय केलंत?" असे विचारतो. हा दुसरा प्रश्न आपण शहाण्या माणसांनी सोडून दिला आहे. देवाच्या दारी मागितलेली ती कृपा. सरकारच्या दारी मागायचा तो आपला हक्क. तो कृपा म्हणून मागणारा देवालाही फसवतो आणि मंत्र्यालाही बिघडवतो.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री वहीला आपण हळदकुंकू वाहतो, नमस्कार करतो. पण दुसऱ्या दिवशी तीच वही उघडून जमाखर्च मांडतो ना? सरकारच्या वहीलाही तेवढाच नमस्कार पुरे.