साहस भांडवल : साहस कोणाचे?

मानोऱ्याच्या कास्तकाराला बाजाराचे शास्त्र शिकवावे लागत नाही. कापसाचा भाव आपल्या बांधावर ठरत नाही, हे वऱ्हाडाला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आपल्याकडील कापसाचे भाव आकाशाला भिडले. त्या पैशाच्या पुरावर मुंबईत कंपन्यांमागून कंपन्या निघाल्या. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, प्रेमचंद रायचंदांसारख्या सट्टासम्राटाचे साम्राज्य ढासळले आणि १८६८ साली बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. कास्तकाराने यातले काहीच घडवले नव्हते; किंमत मात्र त्यालाही मोजावी लागली.

आज तोच खेळ स्टार्टअप या नव्या नावाने चालू आहे. 'नोकरी मागू नका, नोकरी देणारे व्हा' असा उपदेश तरुणांना केला जातो. मानोरा तालुक्यातला एखादा मुलगा अमरावतीला किंवा पुण्याला अभियंता होतो, चार मित्रांसह कंपनी काढतो आणि साहस भांडवलाच्या दारात उभा राहतो. तेथे त्याच्या वस्तूची उपयुक्तता दुय्यम ठरते. त्या वर्षी जगात पैसा स्वस्त आहे की महाग, हा प्रश्न प्रथम येतो.

आकडे बोलके आहेत. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर शून्याजवळ आणला. व्याज मिळेनासा झालेला पैसा जगभर नफ्याच्या शोधात निघाला आणि २०२१ साली भारतीय स्टार्टअपमध्ये ३,५०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम ओतली गेली. मार्च २०२२ पासून तोच दर चढू लागला. जुलै २०२३ मध्ये तो सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांच्या पट्ट्यात पोचला. २०२३ साली भारतात आलेला निधी २०२१ च्या एकतृतीयांशाहूनही कमी होता. दोन वर्षांत या देशातील तरुणांची बुद्धी एकतृतीयांशावर आली होती काय?

भरतीच्या काळात संस्थापकाला सांगितले जाते : खर्च करा, माणसे भरा, नफ्याचा विचार पुढे पाहू. ओहोटी लागताच तेच गुंतवणूकदार विचारतात : नफा कुठे आहे? मुंबईच्या टायनीआउल या खाद्यपदार्थ पुरवणाऱ्या कंपनीने २०१४-१५ च्या भरतीत झपाट्याने विस्तार केला. २०१५ च्या उत्तरार्धात नोकरकपात सुरू झाली आणि नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या कचेरीत कर्मचाऱ्यांनी हिशेब चुकता करण्याच्या मागणीसाठी एका संस्थापकालाच अडवून धरले. पैसा देणारे त्या खोलीत नव्हते. समोरासमोर उभे होते ते दोन्ही पक्ष पगारदार वयाचे तरुणच!

'जो जोखीम घेतो तो नफा घेतो' हे भांडवलदारांचे लाडके सूत्र येथेच उघडे पडते. निधी एकाच वेळी अनेक कंपन्यांत पैसे घालतो. त्यातील बहुतेक बुडतील हे त्याने गृहीत धरलेले असते. एखादी शतपट वाढली की सारे भरून निघते. निधीच्या व्यवस्थापकाला तर दरसाल साधारण दोन टक्के शुल्क मिळतच राहते. कंपनी विकली गेली, तर करारानुसार गुंतवणूकदाराची रक्कम आधी निघते. उरले तर संस्थापकाला आणि समभागांच्या आशेवर कमी पगारात राबलेल्या कर्मचाऱ्याला. निधीजवळ अनेक डाव असतात. संस्थापकाजवळ एकच आयुष्य.

आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतील, हा श्रीमंतांचा आपापसातील तंटा आहे. हा भ्रम आहे. काही संस्थापक कोट्यधीश झाले हे खरे. पण बहुसंख्यांची अवस्था खंडाने जमीन कसणाऱ्या कुळासारखी आहे. नांगर त्याचा, घाम त्याचा. पीक केव्हा कापायचे हे मालक ठरवतो. शिवाय या खेळात सार्वजनिक पैसाही आहे. केंद्र सरकारने २०१६ साली सिडबीमार्फत १०,००० कोटी रुपयांचा निधी उभारला. तो थेट उद्योजकाला मिळत नाही. खासगी गुंतवणूक निधींच्या हाती दिला जातो.

जेथे जनतेचा पैसा आहे तेथे जनतेच्या अटी हव्यात. भांडवल घेताना प्रत्येक वेळी कर्मचाऱ्यांच्या तीन महिन्यांच्या पगाराची रक्कम वेगळी ठेवावी. गुंतवणूकदाराने मुद्दलाहून अधिक रकमेवर अग्रहक्क सांगू नये. २०१८ साली केंद्राने ज्या वाशीमला आकांक्षित जिल्हा ठरवले, तशा जिल्ह्यांसाठी या पैशाचा ठरावीक हिस्सा दीर्घ मुदतीने राखून ठेवावा. तूर आणि सोयाबीन यांवर गावातच प्रक्रिया करणाऱ्या उद्योगाला वाढायला दहा-पंधरा वर्षे लागतात. परक्या देशातील व्याजदर त्याची वाट पाहत नाही.

या मागण्या अवास्तव नाहीत. सावकाराला परवाना आणि व्याजाला मर्यादा असावी, हे या राज्याने कायद्याने मान्य केले आहे. पाटी बदलली म्हणून सावकारी बदलत नाही. साहस तरुणांचे असेल, तर फळावरचा पहिला हक्कही त्यांचाच असला पाहिजे; आणि ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचवण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.