टेनिसचे कोर्ट कोणाचे?

नैरोबीतील शाळेत सफाईकाम करणाऱ्या आजीने वाढविलेली अँजेला ओकुटोयी २०२२ साली विम्बल्डनच्या ज्युनिअर मुलींच्या दुहेरीत विजयी झाली. ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळविणारी ही पहिली केनियन टेनिसपटू. गुणवत्तेला दारिद्र्य अडवीत नाही, असा सोयीस्कर निष्कर्ष भांडवली वृत्तपत्रे यावरून काढणारच! पण पुढील वाटचालीसाठी तिला अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठ गाठावे लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, मुंबई ओपनची उपांत्य फेरी गाठणारी कोइमतूरची माया राजेश्वरनही पुढील प्रशिक्षणासाठी स्पेनमधील नदाल अकादमीत गेली. मग त्याच तामिळनाडूत, कुंभकोणमजवळच्या इन्नंबूरमधील शेतमजुराच्या मुलीने रॅकेट धरावी तरी कोठे? रॅकेट, प्रशिक्षक, परदेशप्रवास सारेच विकत घ्यावयाचे, आणि आईबापांपाशी विकावयास केवळ श्रम! सरकारने तालुक्यातालुक्यांत सार्वजनिक कोर्टे बांधावीत आणि तेथे पगारी प्रशिक्षक नेमावेत.